दोघांत एक सेट

गोल्फच्या काठ्या पसंत करायला मी आयुष्यात एकदाच दुकानात गेलो. तिथून जी शिसारी घेऊन आलो ती अजून उतरलेली नाही. दुकानाची आली, मशीनची आली, काठ्यांची आली, आणि खरं लिहायचं तर थोडी स्वतःचीही आली. पण स्वतःची मी लवकर पुसून टाकतो. या वयात माणसाने उगाच स्वतःच्या मागे लागू नये.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. घर घोडबंदर गावात, खाडीच्या अंगाला. बाप खाडीत जाळं टाकायचा. मी मात्र मिसरूड फुटायच्या आधीच मुंबईतल्या एका गोल्फ क्लबात साहेबलोकांच्या बॅगा उचलायला लागलो. त्याला कॅडी म्हणतात. पुढे तिथेच गवताच्या खात्यात कायम झालो आणि तिथूनच रिटायर झालो. गोल्फ हा फक्त मोटारीतून उतरणाऱ्यांचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एखाद्या सोमवारी सकाळी येऊन बघावं. सोमवारी क्लब मेंबरांना बंद असतो. त्या सकाळी मैदान आमचं. कॅडी, माळी, पंपवाले आणि आमच्यासारखे रिटायर झालेले. कोणी पायजमा खोचून, कोणी अनवाणी. पण खेळ पक्का. हिशोबाला कोणी कोणाला सोडत नाही.

आमची एक जुनी रीत आहे, दोघांत एक सेट. पूर्ण सेट घ्यायची ऐपत आमच्यात कोणाची नव्हती. कोणी साहेब क्लब सोडून जाताना आपल्या जुन्या काठ्या देऊन जायचा, आणि त्या दोघा जोडीदारांनी वाटून घ्यायच्या. माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. लोखंडी काठ्यांना नंबर असतात. तीन नंबर सगळ्यांत लांब जाणार, नऊ नंबर जवळ आणि उंच. मधले नंबर म्हणजे शिडीच्या पायऱ्या. प्रत्येक पायरीला चेंडू थोडा कमी जातो. तर वाटणी अशी की एकाने एकी घ्यायच्या, म्हणजे तीन, पाच, सात, नऊ. दुसऱ्याने बेकी घ्यायच्या, चार, सहा, आठ, आणि नवाच्या खालची, अगदी जवळ मारायची ती वेज. खेळायला एकत्र जायचं, दोन्ही अर्धे एका बॅगेत घालायचे, आणि ज्याला जी पायरी लागेल ती त्याने उचलायची. एकटा गेलास तर शिडी अर्धी. म्हणून एकटं कोणी जातच नाही.

माझ्याकडे एकी, माझ्या जोडीदाराकडे बेकी. तो रत्नागिरीकडचा, माझ्याबरोबर गवताच्या खात्यात होता. आता शांती नगरात मुलाच्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. तो मला बोंबील म्हणतो, मी त्याला फणस म्हणतो. खरी नावं आम्ही पगाराच्या रांगेतच ऐकायचो. त्याचा मुलगा आणि सून दिवसभर कामावर, बायको गुडघ्यांनी बसलेली. सोमवार सोडला तर तो टीव्हीपुढे बसून बातम्यांना शिव्या देतो. दिवाळीनंतर क्लबात आमच्या लोकांचा जोडीचा सामना असतो. नियम एकच, एक जोडी, एक बॅग. आम्ही दोघांनी तो कधी चुकवलेला नाही. फणस वर्षभर त्या एका सकाळवर जगतो. हे मी त्याच्या तोंडावर बोलणार नाही, पण तसं आहे.

गेल्या वर्षी माझं उजवं कोपर धरलं. जुन्या काठ्या पात्याला पातळ, मासे कापायच्या विळीसारख्या. चेंडू बरोबर मधोमध लागला तर लोण्यासारखा जातो, हाताला कळतही नाही. जरा बाजूला लागला की काठीतून असा झिणका येतो की कोपरापर्यंत विंचू चावल्यासारखं होतं. पूर्वी मधोमध लागायचा. आता बाजूला लागतो. एका सोमवारनंतर घरी आलो तर चहाचा कप हातातून सुटला.

बायको म्हणाली, "हात गलून परंल तवा कलंल तुमाला. ठेवा त्या काठ्या माल्यावर."

"माळ्यावर तू जा," मी म्हटलं.

सून मध्ये पडली. सून शिकलेली, अंधेरीला कुठल्याशा ऑफिसात आहे, तिचा साहेब गोल्फ खेळतो. "बाबा, आता नवीन आयर्न्स वेगळी येतात. हाताला लागत नाहीत. मी घेऊन देते. दिवाळीची माझ्याकडून."

मी नाही म्हटलं. ती हो म्हणाली. आमच्या घरात माझ्या नाही म्हणण्याला पूर्वी वजन होतं.

दुकान हायवेला लागून एका काचेच्या इमारतीत होतं. आत इतकं गार की मासळी ठेवावी. खाली प्लॅस्टिकचं गवत. गवताच्या खात्यात जन्म काढलेल्या माणसाला प्लॅस्टिकच्या गवतावर उभं केलं की त्याला कसं वाटतं ते मेंबरांना कळायचं नाही. समोर भिंतभर पडदा, त्यावर कुठल्या तरी परदेशातलं मैदान, तळं, बदकं. चेंडू मारायचा पडद्यावर, आणि तो पुढे किती गेला असता ते मशीन सांगणार. गेला असता! गेला कुठेच नाही, पडद्याला आपटून पायाशी आला.

काठ्या जुळवून देणारा माणूस चाळिशीतला, अंगाला चिकटलेला टीशर्ट, बोलायला गोड. दुकानात जो गोड बोलतो त्याच्याशी मी हिंदीत बोलतो. मराठीत मला राग लवकर येतो.

"अंकल, आपका हँडिकॅप?"

हँडिकॅप म्हणजे उस्ताद खेळाडूपेक्षा आपल्याला किती फटके जास्त लागतात ते. "सोला," मी म्हटलं. कोपर धरायच्या आधी बारा होता, पण ते त्याला कशाला.

"मतलब मिड हँडिकॅप."

सुनेने समजावलं, "बाबा, म्हणजे मधले खेळाडू."

मधले! आम्ही तीन भाऊ, मी थोरला. आजवर मला कोणी मधला म्हटलं नव्हतं.

त्याने एक काठी काढून हातात दिली. मला वाटलं घरातलाच डाव दिला, वरण वाढायचा. बूड जाड, मागच्या बाजूला खोबण कोरलेली, त्यात काहीतरी लाल रबर बसवलेलं. दांडी स्टीलची नाही, काळी, पोकळ, झाडूच्या दांडीसारखी हलकी.

"ये बहुत माफ करता है, अंकल. थोडी गलती हो जाए तो भी सीधा जाता है."

"मैंने क्या गुन्हा किया है?"

सून हसली. तोही हसला, पण दुकानातलं हसू. मग म्हणाला की ही दांडी सिनियर लोकांची आहे. मी विचारलं, यापेक्षा हलकी कोणाची असते? तो म्हणाला लेडीज. म्हणजे मी बायकांच्या एक पायरी वर. तेव्हाच निघून यायला पाहिजे होतं. पण सून अर्धी रजा टाकून आली होती.

"आठ नंबर कितना जाता है आपका?" त्याने विचारलं.

"आठ मेरे पास नहीं है. फणस के पास है."

"कौन?"

सुनेने त्याला दोघांत एक सेटची रीत सांगितली. त्या माणसाने माझ्याकडे असं बघितलं की जणू आम्ही दोघं एकाच दातांच्या कवळीने जेवतो.  टॉवेलात गुंडाळून माझा जुना सात आणला होता तो काढला आणि आधी तोच मारला. बाजूला लागला. कोपरात कळ गेली, ती मी गिळली. पडद्यावर आकडा आला, तो काही लिहिण्यासारखा नव्हता.

मग त्याचा डाव घेतला. सात नंबरच. मारला. हाताला काहीच लागलं नाही. विंचू नाही, झिणका नाही, नुसता एक खट्ट आवाज, पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा. आणि पडद्यावर आकडा आला तो माझ्या जवानीतला. पुन्हा मारला, पुन्हा तोच. सुनेने टाळ्या वाजवल्या. "बाबा, बघा!" त्या माणसाने मान डोलावली, "अंकल में बहुत दम है."

इथे मी फसलो. दम आहे म्हणाला आणि माझी छाती वर आली. साठीनंतर माणसाला सात नंबर पुन्हा जवानीइतका लांब गेलेला दाखवा, तो दुकानातल्या गोड माणसालाही देव म्हणेल. शिसारी बाजूला राहिली.

"ठीक है," मी म्हटलं. "पाँच, सात, नौ दे दो."

"अंकल, सेट टूटता नहीं. पाँच से नीचे तक पूरा आता है."

"बेकी मुझे नहीं चाहिए. वो उसके पास हैं."

तो सुनेकडे बघायला लागला. सुनेने कार्ड काढून दिलं आणि विषय संपवला. पुरा सेट घरी आला. बायकोने एक काठी उचलून बघितली आणि तोंडाला पदर लावला. "ह्यो तं वरनाचा डाव हाय!" मी तिच्यावर खेकसलो, कारण तेच मला दुकानात वाटलं होतं. बेकी मी प्लॅस्टिक न काढता पलंगाखाली सरकवल्या. फणसाकडे त्याच्या जुन्या बेकी आहेत, त्याला त्यांचा गर्व आहे. नव्या दाखवल्या तर त्याला वाटायचं मी सुनेच्या जिवावर त्याला दान करतोय. सोमवारी नुसत्या नव्या एकी घेऊन बसमध्ये बसलो. वाटेभर तो आकडा डोळ्यांपुढे होता.

फणसाने नवी पाती पाहिली, बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, "मेल्या, ह्यात आमटी किती मावते?"

"चेंडू बघ, मग बोल."

तिसऱ्या खड्ड्याच्या वाटेवर एक जागा आहे, चिंचेच्या सावलीत. तिथून मी जन्मभर सात मारत आलोय. नवा सात काढला, मारला. चेंडू खड्ड्याच्या निशाणावरून, निशाणामागच्या झुडपांवरून पार गेला. सापडला नाही.

"बोंबला, अंगात देवी आली काय रे?" फणस म्हणाला, पण डोळ्यांत कौतुक होतं. मी ते बघितलं आणि मुद्दाम मान दुसरीकडे वळवली.

पुढच्या जागी त्याला सात लागला. त्याने माझा नवा उचलला, आपल्या नेहमीच्या संथ हाताने मारला, आणि त्याचा चेंडूही त्याच झुडपांच्या भावंडांत गेला. फणसाचा चेंडू हरवला की तो महिनाभर आठवण काढतो. मग शिडीच बिघडली. माझा नवा नऊ त्याच्या जुन्या आठाला मागे टाकायचा. माझा सात त्याच्या सहाच्याही पुढे. वरच्या पायऱ्या एकावर एक रचल्यासारख्या, आणि खाली त्याच्या वेजपासून त्याच्या आठापर्यंत नुसतं भगदाड. निशाण तेवढ्या टप्प्यात आलं की हातात द्यायला काही नाही. प्रत्येक फटक्याला "कुठला देऊ?", "तुझा की माझा?", "कुठल्या काळातला?" असं चाललं. मागून येणारे पोरगे कॅडी थांबून हसायला लागले.

शेवटी फणसाने माझा सात आणि त्याचा सहा शेजारी शेजारी धरले आणि माझ्या नाकापुढे आणले. काठीचं तोंड जितकं मागे झुकलेलं तितका चेंडू उंच आणि जवळ. जितकं ताठ उभं तितका लांब. माझा सात त्याच्या सहाहून ताठ उभा होता.

"हा सात न्हाय रे," तो म्हणाला. "हा पाच हाय. वर सात लिवलंय."

 जन्मभर या काठ्यांची तोंडं पुसली, आणि दुकानात मी नंबर बघितला, तोंड बघितलंच नाही. पाचाला सात म्हणून विकलं आणि वर दम आहे म्हणाले. माझा हात होता तिथेच होता. नंबर पुढे सरकला होता. मला इतकी किळस आली की त्या गार दुकानात जाऊन त्या प्लॅस्टिकच्या गवतावर थुंकावं. आणि त्या टाळ्या? सुनेच्या टाळ्या आठवल्या तेव्हा तर मान वर करवेना.

फणस बेकी पिशवीत भरायला लागला. "ही भेसळ घेऊन मी सामन्याला उतरणार नाही. तुझ्या जुन्या एकी आण, नाहीतर दुसरा जोडीदार बघ."

"तू बघ की दुसरा."

"बघीन."

तो बसस्टॉपवर माझ्यापासून लांब उभा राहिला. बस आली तर पुढच्या दाराने चढला. रिटायर माणसं पुढच्या दाराने चढतात, पण तो त्या दिवशी मुद्दाम चढला.

घरी येऊन अंगणात जुना सात काढून नुसता फिरवला, चेंडू न ठेवता. नुसत्या फिरवण्याने कोपर पेटलं. जुन्या एकी आता माझ्या नव्हत्या, हे मला त्या अंगणात कळलं. बायकोने दारातून बघितलं आणि आत वळली. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त राग येतो.

पण मी सोडणारा नाही. पूर्वी काठीचं तोंड जरा फिरवायचं असेल तर आम्ही तिची मान झाडाच्या बेचक्यात धरून वाकवायचो. जुनं लोखंड ठोकून घडवलेलं, ते ऐकायचं. मी म्हटलं, नव्या साताचं तोंड मागे झुकवलं की पाचाचा सात होईल. नऊ, पाच, सगळी तशीच झुकवायची. शिडी पुन्हा जुळेल आणि हाताला विंचूही लागायचा नाही. मोठ्या दुकानाला जे सुचलं नाही ते मला सुचलं, म्हणून मी खूश होतो.

आमच्या गावाबाहेर हायवेवर ग्रील-वेल्डिंगचं एक दुकान आहे. सात घेऊन तिथे गेलो. वेल्डरने काठी उलटीसुलटी केली.

"चाचा, ये ढलाई का माल है. मोड़ोगे तो टूटेगा." ढलाई म्हणजे साच्यात ओतलेलं लोखंड.

"तू पकड़, मोड़ूँगा मैं."

"मेरी जिम्मेदारी नहीं."

"तुझसे जिम्मेदारी माँगी किसने?"

त्याने शेंगदाणे खाऊन झटकावेत तसे हात झटकले आणि पातं व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळून दिलं. मी दांडीला लोखंडी पाइप लावला आणि डाव्या हाताने, कोपर वाचवत, हळूहळू जोर दिला. थोडी हलली असं वाटलं. आणखी दिला. तट्ट! मानेपासून मोडली. पातं व्हाइसमध्ये, दांडी माझ्या हातात, लाल रबर जमिनीवर. तुटलेल्या जागी आत दाणेदार, करडं, चिखलाच्या ढेकळासारखं. त्याला लोखंड म्हणायचं? आमच्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्यांना त्याहून जास्त अब्रू असते.

वेल्डर म्हणाला, "बोला था."

मी म्हटलं, "कच्चा माल था."

चूक माझी नव्हती. लोखंड खोटं होतं. पण सुनेला ते सांगायची माझी छाती झाली नाही. पातं आणि दांडी जुन्या लुंगीत गुंडाळून पलंगाखाली ठेवली. तिथे प्लॅस्टिकमधल्या बेकी दिसल्या. सहा, आठ, वेज, आणि वेजच्याही खालची आणखी एक, तिचं नाव मला वाचता आलं नाही. कोऱ्याकरकरीत. तेव्हा डोक्यात एकच गोष्ट राहिली. जुन्या एकी मला उचलत नाहीत, नव्या एकी त्याच्या जुन्या बेकींना जुळत नाहीत. त्याने नव्या बेकी घेतल्या तरच आम्ही सामन्याला उभे राहू. नाहीतर तो टीव्हीपुढे आणि मी अंगणात.

शांती नगरात गेलो. त्यांच्या सेक्टरच्या गल्लीत फाफड्याचं दुकान, भाजीच्या गाड्या, स्कूटरी, पाय ठेवायला जागा नाही, आणि मी खांद्यावर प्लॅस्टिकमधल्या काठ्या घेऊन. "अंकल, परदे के पाइप हैं क्या?" एका बाईने विचारलं. 

वहिनींनी कोकम सरबत दिलं. फणस टीव्ही बंद न करता बसला होता.

"हे काय आणलंस?"

"बेकी."

"माझ्याकडे आहेत."

"त्या आता जुळत नाहीत. तूच म्हणालास."

"मी म्हणालो तुझ्या जुन्या आण."

"जुन्या मला उचलत नाहीत," मी म्हटलं. हे वाक्य मी घरात बायकोलाही बोललो नव्हतो. त्याने टीव्हीचा आवाज थोडा कमी केला. पण लगेच मान ताठ केली.

"तुझ्या सुनेची भीक मी घेऊ? साहेबाने दिलेल्या काठ्या आहेत माझ्या. ही भांडी तू घेऊन जा."

"भीक कशाला? सेट तुटत नव्हता म्हणून आल्या. पलंगाखाली गंजतायत."

"गंजू देत. तुझ्या दांड्या काळ्या आहेत, त्यांना कशाचा गंज?"

"वहिनी, याला सांगा काहीतरी."

वहिनी गुडघा चोळत म्हणाल्या, "भाऊजी, मी चाळीस वर्षं सांगते आहे. तुम्ही आज आलात."

मी उठलो. काठ्या चपलांच्या स्टँडला टेकवून निघालो. तो मागून ओरडला, "बोंबला, उचल त्या! सोसायटीवाले भंगारात टाकतील!" मी मागे बघितलं नाही. घरी पोचेपर्यंत स्वतःची शिसारी आली. दुसऱ्याच्या दारात माल टाकून पळणारा फेरीवाला झालो होतो मी.

त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. सामन्याच्या आदल्या सोमवारी मी नुसत्या नव्या एकी, त्याही सात वगळून, घेऊन क्लबाच्या मागच्या फाटकाशी गेलो. खेळायचं नव्हतं. नुसतं बघायचं होतं तो कोणाबरोबर येतो.

तो एकटा आला. खांद्यावर पिशवी, पिशवीतून काळ्या दांड्या बाहेर. प्लॅस्टिक नव्हतं. पात्यांना माती लागलेली, वाळलेली, आठाच्या तोंडावर गवताचा हिरवा डाग.

"कुठे मारलंस?" मी विचारलं.

"सेक्टरच्या मागे मोकळा प्लॉट आहे. वॉचमन बोंबलतो, पण ऐकतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आठ बरा आहे."

बरा आहे म्हणाला, पण रुमाल काढून त्याने तो डाग असा पुसला की नातवाचं नाक पुसावं. दोन आठवड्यांपूर्वी यात आमटी किती मावते विचारणारा हाच माणूस. मला बरं वाटायला पाहिजे होतं. जोडी शाबूत होती, सामना होणार होता, तो टीव्हीपुढून उठला होता. पण माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं. मी ज्या भांड्यांना शिव्या देतो त्यांच्या प्रेमात हा पडला, आणि आता मला ती जन्मभर वापरायला लागणार. साहेबाच्या जुन्या बेकी कुठे आहेत विचारलं तर म्हणाला, "नातवंडं कॅरमच्या सोंगट्या सोफ्याखालून काढायला घेतात."

"तुझा सात काढ," तो म्हणाला. "आठाच्या शेजारी धरून बघू शिडी."

"सात न्हाय."

"म्हणजे?"

"मोरला."

मी त्याला व्हाइस, पाइप, वेल्डर सगळं सांगितलं. सांगावंच लागलं. तो आधी गंभीर राहिला, मग त्याचं पोट हलायला लागलं, मग तो फाटकाच्या कट्ट्यावर बसला. "अरे बोंबला, चेंडू मारायची काठी, तू तिचीच मान मोडलीस?"

"ढलाईचा माल होता. कच्चा."

"माल कच्चा, आणि तू?"

सामना सात नंबराशिवाय खेळलो. सुनेला सांगून नवा मागवता आला असता, पण मग व्हाइसचं सगळं सांगायला लागलं असतं, आणि ते मी सांगणार नाही. तिने हे वाचलं तर वाचलं. कितवे आलो ते लिहीत नाही. पहिले आलो नाही. पण त्या सकाळची एक गोष्ट लिहितो.

त्या चिंचेपासून थोडं मागे, नव्या काठ्यांच्या हिशोबाने, बरोबर साताची जागा आली. चेंडू माझा. हातात सात नाही. फणस आठ पुढे करून म्हणाला, "जोरात मार."

"जोरात मारला की कोपर जातं."

"मग सहा घे. हळू मार."

"मी हळू मारणारा माणूस नाही."

"जोराने मारशील तर झुडपात जाईल. तुझा चेंडू गेला होता ना तिथे. तुझं तर त्या झुडपांशी लग्नच लागलंय."

मागून येणारी जोडी ओरडली, "काका, आज मारणार ना?" मी त्यांच्याकडे बघितलं, फणसाकडे बघितलं. त्याने आठ पिशवीत टाकून सहा माझ्या हातात कोंबला. सिनियर लोकांची काळी दांडी, जाड बूड, माफ करणारं तोंड. मी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम हळू मारलं. हाताला काही लागलं नाही. खट्ट. चेंडू वर गेला, झुडपांच्या अलीकडे, निशाणापासून हातभर लांब पडला.

 फणसाने एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो पिशवी खांद्यावर घेऊन पुढे चालायला लागला, आणि मी सहाचं पातं लुंगीच्या टोकाला पुसलं. पुसायची मला अजूनही किळस येते. पण पुसलं नाही तर फणस रुमाल काढतो, आणि ते मला बघवत नाही.